१२३४५६७८९८७६५४३२१ चे अवयव आणि ८१ चा एक लांबलचक पाढा

प्रश्न थोडक्यात असा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या त्रिकोणात (१ × १ = १, ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ …) शेवटची ओळ १११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१ अशी असते. नववीतल्या मुलीला या सतरा अंकी संख्येचे मूळ अवयव हाताने काढायचे आहेत. एका संकेतस्थळाने ३, ३७ आणि ३३३६६७ असे अवयव दिले, पण ३३३६६७ ही खरोखर मूळ संख्या आहे हे कशावरून? एक्सेलमध्ये ही संख्या टाकली की शेवटचे अंक बदलतात, ते का? आणि दिसायला देखणी असण्यापलीकडे तिच्यात काही आहे का?

एक्सेलचे आधी उरकून घेऊ. एक्सेल पंधराच सार्थ अंक सांभाळते आणि पुढच्यांच्या जागी शून्ये घालते, म्हणून तिथे १२३४५६७८९८७६५४३०० दिसते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला विचारलेत तर शेवटी ३२१ ऐवजी ३२० येईल. तिथला नेहमीचा आकडा २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच, प्रत्येक पूर्ण संख्या अचूक धरतो. त्यापुढच्या टप्प्यात फक्त सम संख्या मावतात आणि आपली संख्या विषम आहे. पडताळा घ्यायचा असेल तर पायथन वापरा, तिथे पूर्णांकाच्या लांबीला अशी अडचण नाही. पण खरे सांगायचे तर या संख्येसाठी कागद-पेन्सिल पुरते, आणि कागदावर जे दिसते ते यंत्राच्या उत्तरात दिसत नाही.

आधी ही संख्या अशी का दिसते ते पाहू. १११११११११ ला स्वतःने गुणताना त्याच नऊ एकांच्या ओळी एकेक घर सरकवत नऊ वेळा एकाखाली एक मांडाव्या लागतात. उजवीकडून पहिल्या स्तंभात एक १, दुसऱ्यात दोन, असे वाढत मधल्या स्तंभात नऊ, आणि मग तसेच उतरत जातात. कुठल्याच स्तंभाची बेरीज नऊच्या वर जात नाही, म्हणून हातचा येत नाही. दहा एके घेतले की मधल्या स्तंभात १० येतात, हातचा सरकतो आणि डौल मोडतो: १११११११११ वर आणखी एक १ चढवून वर्ग केला तर १२३४५६७९००९८७६५४३२१. त्रिकोण नवव्या ओळीला थांबतो तो त्यामुळेच.

या घराण्याशी आपला जुना ऋणानुबंध आहे. देवळालीच्या शाळेतले गणिताचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म १९०५, डहाणू) यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ नाव दिले. जीआयपी रेल्वेवरच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. डेम्लो संख्येचे डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग पडतात, आणि डाव्या-उजव्याची बेरीज केली की मधलाच अंक पुन्हापुन्हा येतो. २५५३ मध्ये २ + ३ = ५. आपल्या संख्येत १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९, आणि मध्ये बसलेला अंक ९. १, १२१, १२३२१ या एकांच्या वर्गांना ते अद्भुत डेम्लो म्हणत. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे कापरेकरांचे नाव सगळ्यांना माहीत असते, डेम्लो मात्र डोंबिवलीकरांनाही फारसे ठाऊक नसते.

आता अवयव. सतरा अंक बघून दडपून जायचे कारण नाही, कारण वर्गमूळ हातात आहे. १११११११११ चे अवयव काढा आणि प्रत्येकाचा घात दुप्पट करा. त्यासाठी ३, ७, ११ अशी भागाकारांची रांग लावण्याआधी संख्येची बांधणी बघावी. नऊ एके म्हणजे तीन-तीनचे तीन गट: १११ १११ १११. म्हणून

१११११११११ = १११ × १००१००१.

१११ = ३ × ३७ हे पाठच असते. १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणजे तीनने भाग जातो पण नऊने जात नाही. भागा: १००१००१ = ३ × ३३३६६७. तर १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७, आणि आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा.

राहिला तो ३३३६६७. त्याचे वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मधले आहे. म्हणजे ही संख्या मूळ नसेल तर ५७७ पर्यंतच्या एखाद्या मूळ संख्येने तिला भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या १०६ आहेत. नववीतल्या मुलीला १०६ भागाकार करायला लावणे म्हणजे तिला गणितापासून कायमचे पळवून लावणे. इथेही बांधणीच वाचवते.

समजा प ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १११११११११ ला भागते आणि म्हणून ९९९९९९९९९ लाही भागते. याचा अर्थ, १० च्या नवव्या घाताला प ने भागले तर बाकी १ उरते. आता १० चा सर्वांत लहान कोणता घात बाकी १ देतो ते बघायचे. तो घातांक ९ चा विभाजक असला पाहिजे, म्हणजे १, ३ किंवा ९. घातांक १ असेल तर प ९ ला भागते, म्हणजे प = ३. पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तीनने भाग जात नाही. घातांक ३ असेल तर प ९९९ ला भागते आणि ९९९ = २७ × ३७, म्हणजे उरतो फक्त ३७. पण ३७ × ९०१८ = ३३३६६६, बाकी १. तोही गेला. उरला घातांक ९. फर्माच्या छोट्या प्रमेयाप्रमाणे १० चा (प − १) वा घातही बाकी १ देतो, म्हणून प − १ ला ९ ने भाग जातो. शिवाय प विषम, म्हणून १८ ने भाग जातो.

म्हणजे प ही १९, ३७, ५५, ७३ … या १८ च्या टप्प्यांवरच सापडू शकते. त्यातल्या मूळ संख्या निवडा आणि ३७ वगळा: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. फक्त सोळा! एका संध्याकाळचे काम, तेही चहा घेत. कुणालाच निःशेष भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ आहे. संकेतस्थळ खरे बोलत होते, आणि आता त्याच्या शब्दाची गरजही नाही.

मुलगी पुढे ऑलिम्पियाडच्या वाटेला लागली तर याच जागी तिला आणखी एक धारदार हत्यार मिळेल. १० चा नववा घात बाकी १ देतो, म्हणून दहावा घात बाकी १० देतो. दहावा घात हा तर पाचव्या घाताचा वर्ग. म्हणजे प च्या दृष्टीने १० हा वर्गशेष (एखाद्या वर्गाला प ने भागून उरणारी बाकी) ठरतो. वर्गशेषांच्या व्यस्तता नियमाने असे प ओळखता येतात: ४० ने भागल्यावर त्यांची बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ असते. सोळांतून १६३, १९९, २७१, ३०७, ३९७, ५२३ एवढेच टिकतात. त्यात पाच एके, म्हणजे १११११ = ४१ × २७१. म्हणून २७१ साठी १० चा पाचवाच घात बाकी १ देतो आणि तोही बाद. उरलेल्या पाचांच्या बाक्या: १६३ ने ६, १९९ ने १४३, ३०७ ने २६५, ३९७ ने १८७, ५२३ ने ५१६. एकशे सहा भागाकारांवरून पाचांवर आलो.

अवयव हाती आले की संकेतस्थळांवरचा नेहमीचा तक्ता आपोआप भरतो, त्यावर मी फार रेंगाळणार नाही. विभाजक (४+१) × (२+१) × (२+१) = ४५, विषम, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे. लहान-मोठे लावले तर बरोबर मधला १११११११११. सगळ्या विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९. स्वतःला वगळून केलेली बेरीज संख्येपेक्षा बरीच कमी भरते, म्हणून न्यून संख्या. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) अशा संख्या ८००७९८३९९१९९२०१६, म्हणजे शंभरात सुमारे पासष्ट. हे सगळे खरे आहे आणि बहुतेक नीरस आहे. कुठल्याही सतरा अंकी संख्येचा असा तक्ता होतो. वाटेतली एक गंमत मात्र टिपून ठेवा: ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९, आणि ३३३६६७ × ३३३६६६ = १११३३३३३३२२२. ही शिस्त येते १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१ असल्यामुळे. त्याला ९ ने भागून बघा.

अंकांची बेरीज ८१. कुणी अंकज्योतिषी ८ + १ = ९ करून ‘शुभ’ म्हणेल. त्याचा अर्थ फक्त एवढाच की संख्येला ९ ने भाग जातो. मला जास्त भावते ते हे की खुद्द ८१ नेही भाग जातो: १२३४५६७८९८७६५४३२१ = ८१ × १५२४१५७८९९७१०४१. आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ म्हटले. म्हणजे एकाच संख्येवर त्यांच्या दोन शोधांचा शिक्का आहे.

मात्र इथे एक भेद मनात पक्का ठेवावा. उलटसुलट सारखे दिसणे, अंकांची बेरीज, हर्षदपणा हे दशमान लिखाणाचे गुण आहेत. ते संख्येच्या अंगावरचे कपडे. पाया बदलून लिहा, कपडे बदलतात. मूळ अवयव, विभाजक, वर्ग असणे हे अंगभूत. ती संख्या रोमन अंकांत लिहिली तरी ३७ तिला भागणारच. लोक बहुधा कपड्यांवर भाळतात. पण कधीकधी दोन्ही एकमेकांत अडकलेले असतात, आणि या संख्येचा खरा दागिना तिथे आहे. तो तुम्हाला तक्त्यात मिळणार नाही.

१ ला या संख्येने भागा. भाजकाला २ किंवा ५ ने भाग जात नाही, म्हणून उत्तर शुद्ध आवर्ती दशांश येणार. प्रश्न असा की किती अंकांनंतर तेच अंक पुन्हा सुरू होतात?

उत्तर: बरोबर १११११११११ अंकांनंतर. वर्गमूळाइतके!

सिद्धता चार ओळींची आहे. १११११११११ ला क म्हणू. आवर्तनाची लांबी म्हणजे १० चा तो सर्वांत लहान घातांक, ज्याला क च्या वर्गाने भागल्यावर बाकी १ येते. आधी नुसत्या क कडे बघा: १० चे नवव्याच्या आतले घात (१०, १०० … १००००००००) क पेक्षा लहान आहेत, ते बाकी १ देऊ शकत नाहीत. नववा घात १ + ९क आहे, तो देतो. म्हणून शोधलेला घातांक ९ च्या पटीत असणार, ९ × म म्हणू. आता (१ + ९क) चा म वा घात विस्तारा. पहिली दोन पदे १ + ९मक, आणि पुढच्या प्रत्येक पदात क चा वर्ग आहे, त्यामुळे ती बाकीत धरायची नाहीत. बाकी १ यायची तर ९मक ला क च्या वर्गाने भाग जायला हवा, म्हणजे ९म ला क ने. क = ९ × १२३४५६७९, म्हणून म ला १२३४५६७९ ने भाग जायला हवा. सर्वांत लहान म = १२३४५६७९ आणि लांबी ९ × १२३४५६७९ = १११११११११.

हे सगळ्याच एकांना लागू नाही. न एके घेतले तर हाच हिशेब सांगतो की वर्गाच्या व्यस्ताचे आवर्तन न × क भागिले (९ आणि क यांचा मसावि) इतके लांब असते. आणि क च्या अंकांची बेरीज न असल्याने तो मसावि म्हणजे ९ आणि न यांचाच मसावि. आवर्तन क इतके भरायचे तर हा मसावि न इतका हवा, म्हणजे न ने ९ ला भागले पाहिजे. न = १, ३, ९ एवढेच. ११ पाशी हे जमत नाही: १ ÷ १२१ = ०.००८२६४४६२८०९९१७३५५३७१९…, आवर्तन २२ अंकांचे. १११ पाशी जमते: १ ÷ १२३२१ चे आवर्तन १११ अंकांचे. आणि शेवटचे जमते ते नऊ एकांपाशी. त्यापुढे कितीही एके मांडा, कधीच नाही. त्रिकोणाची नववी ओळ शेवटची असते ती हातच्यामुळे, आणि इथे पुन्हा नऊच शेवटचा, पण कारण वेगळे: ९ हा दहाच्या आधीचा अंक आहे आणि ९ चे विभाजक १, ३, ९ आहेत.

आणखी मजा त्या आवर्तनाच्या आत आहे. ९ × क = ९९९९९९९९९ असल्याने १ ÷ (क चा वर्ग) म्हणजे ८१ ÷ (९९९९९९९९९ चा वर्ग). आणि १ ला ९९९९९९९९९ च्या वर्गाने भागले की नऊ-नऊ अंकांच्या गटांत ०, १, २, ३ … असे ओळीने येतात. त्याला ८१ ने गुणा. दशांशचिन्हानंतर येते:

००००००००० ०००००००८१ ००००००१६२ ००००००२४३ ००००००३२४ …

८१ चा पाढा! प्रत्येक गट नऊ घरांचा, आणि पाढा कुठेही हातचा न घेता चालत राहतो, कारण ८१ × १२३४५६७८ = ९९९९९९९१८ नऊ घरांत मावतो. पुढची पायरी ९९९९९९९९९ ची. तिला मागून एक हातचा मिळतो, ती शून्य होते आणि तो हातचा आधीच्या गटात ढकलते. म्हणून आवर्तनातला शेवटचा गट ९९९९९९९१८ ऐवजी ९९९९९९९१९ दिसतो, आणि पाढा पुन्हा शून्यापासून. एका पानावर तीन हजार अंक छापले तर हे एक आवर्तन ३७०३७ पाने भरेल आणि वर १११ अंक उरतील.

ज्यांनी १ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९… बघून ‘८ कुठे गेला’ असे विचारले असेल त्यांना आता उत्तर मिळाले. तिथे १ चा पाढा आहे, एक-एक घराचा, आणि शेवटचा ८ अशाच हातच्याने ९ झाला आहे. तोच गायब ८ वरच्या १२३४५६७९ मध्येही आहे, आणि आपल्या संख्येची सर्वांत सुटसुटीत फोडही त्यातूनच निघते: १२३४५६७९ × ९९९९९९९९९. मुलीला हा गुणाकार तोंडी करायला सांगा. १२३४५६७९ पुढे नऊ शून्ये, त्यातून १२३४५६७९ वजा.

अंगभूत गुणांपैकी एक सांगण्यासारखा उरला. वर्ग दोन वर्गांच्या बेरजेत फोडायचा असेल तर ४ ने भागून बाकी १ देणारा मूळ अवयव लागतो. ३ आणि ३३३६६७ दोघांची बाकी ३, ते कुचकामी. ३७ ची बाकी १. आणि ३७ चा वर्ग म्हणजे १२ आणि ३५ यांच्या वर्गांची बेरीज. १११११११११ = ३७ × ३००३००३, म्हणून तिन्ही बाजू ३००३००३ ने गुणा: ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू, कर्ण १११११११११. पूर्णांकी बाजूंचा आणि हा कर्ण असलेला दुसरा काटकोन त्रिकोण नाही, कारण ३७ त्यात एकदाच आहे.

मुलीला पुढचा घास म्हणून सात एके द्या: १११११११. त्याची तीन-तीनसारखी फोड होत नाही, कारण ७ मूळ आहे, आणि ३, ७, ११, १३ कुणीच त्याला भागत नाही. पण वरची युक्ती तशीच चालते. इथे घातांक ७, म्हणून प − १ ला १४ ने भाग जायला हवा. उमेदवार २९, ४३, ७१, ११३ … असे पुढे. तिने क्रम न सोडता भागत गेले तर आठव्या भागाकाराला बाकी शून्य येईल.